पेंड साठवायची की गोठा आवरायचा?

पत्र:
डॉक्टर, नमस्कार. आमच्याकडे 26 जनावरं आहेत: 14 दुभत्या गायी, 4 भाकड, 8 कालवडी. शिवाय 12 शेळ्या आणि अंड्यांसाठी 2000 कोंबड्या. सोयापेंड, मका, खनिज मिश्रण, कोंबड्यांचं खाद्य हे सगळं विकत येतं आणि त्यातलं बरंच समुद्रापलीकडून येतं. गेल्या काही वर्षांत साथ पाहिली, युद्धं पाहिली, अडकलेली जहाजं पाहिली. उद्या हे सगळं एकदम आणि दीर्घकाळ बंद पडलं तर? माझे पती म्हणतात, कर्ज काढून वर्षभराचं खाद्य भरून ठेवू. सासरे म्हणतात, पूर्वी कुठे पेंड होती, जनावरं वैरणीवरच जगायची. घरचा चारा मोजला तर सहा महिन्यांना, पाणी वजा करून, साधारण 30 टन निघतो. मला रात्र रात्र झोप लागत नाही. आम्ही काय करावं? आणखी एक. हा गोठा जिच्यापासून सुरू झाला ती गाय आता 15 वर्षांची आहे. भाकड चौघींत तीही आहे. अशा वेळी तिचं काय करायचं, यावर घरात कोणी बोलत नाही.
– एक पशुपालक

उत्तर:
ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ 30 टनांची आहे. घरचा चारा मोजून कळवणारी पत्रं मला फार थोडी येतात. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या आकड्यातच आहे, म्हणून आधी हिशेब करू.

दुभत्या गायीला दिवसाला सुमारे 12 किलो कोरडा आहार लागतो. हिरवा चारा असेल तर त्यातलं पाणी वजा करून धरायचं. भाकड गायीला 9 किलो, कालवडीला सरासरी 5, शेळीला सव्वा किलोच्या आसपास. तुमच्या दावणीचा आकडा जातो दिवसाला 260 किलोच्या घरात, सहा महिन्यांचे साडेसेहेचाळीस टन. घरात आहेत 30. म्हणजे दर तीन जनावरांतलं एक आजही विकतच्या खाद्यावर उभं आहे, आणि कोंबड्या तर सगळ्याच. बाजार सुरळीत आहे तोवर हे जाणवत नाही, इतकंच.

तुमच्या पतींचं निम्मं बरोबर आहे आणि सासऱ्यांचंही निम्मं. खाद्य साठवा, पण दोन महिन्यांचं. गोठा घरच्या चाऱ्याच्या मापात आणा, पण वर्षभरात, सावकाश, आणि आज बाजार चालू असतानाच. का ते सांगतो.

वर्षभराच्या साठ्याचा हिशेब तुमच्या पतींसोबत बसून करा. 14 गायींना रोज 6 किलो खुराक धरला तरी वर्षाचे 30 टन होतात. 2000 कोंबड्या रोज 220 किलो खातात, त्यांचे वर्षाचे 80 टन. एकूण 110 टन माल कर्जावर उचलायचा, कोरडा ठेवायचा, उंदरांपासून राखायचा. आणि तो टिकतही नाही. भुसा-कोंड्यातलं तेल काही आठवड्यांत खवट होऊ लागतं. खनिज मिश्रणातले क्षार टिकतात, पण त्यात मिसळलेल्या जीवनसत्त्वांचा जोर दर महिन्याला उतरत जातो.

पेंडेचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गोठ्यात टंचाईच्या भीतीने सहा महिन्यांची पेंड भिंतीला टेकवून रचली होती. वरची पोती खणखणीत. खालच्या थरातलं एक पोतं ओढलं तर ते हाताला कोमट लागलं. शिवण उसवली तेव्हा आत पेंडेचे एकमेकांना चिकटलेले गोळे होते, मोडल्यावर हिरवट-पिवळी भुकटी उडाली आणि ओल्या मातीसारखा वास आला. ती बुरशी आपण झटकतो, पण तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पेंडेतच राहतं, गायीच्या यकृतावर बसतं आणि दुधात उतरतं. त्या घरातली मुलं तेच दूध पीत होती. साठा खालून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि जुना माल आधी वापरायचा. दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा एका कुटुंबाला नीट सांभाळता येत नाही, असं माझं मत आहे.

मग दोन महिन्यांचा तरी कशाला? कारण गायीचं पोट एका दिवसात बदलत नाही. तिच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, जीवाणूंची आख्खी वसाहत असते. खाताना गाय आधी त्यांना जेवू घालते आणि मग त्यांच्यावर जगते. खुराक बदलला की त्या वसाहतीला नव्या आहाराशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. पेंड आज आहे आणि उद्या नाही, असं झालं तर गाय रवंथ सोडते, शेण बिघडतं, दूध एकदम कोसळतं. उलट, पेंड संपली म्हणून घाबरून धान्य पुढ्यात ओतलं तर पोटात आम्ल वाढून गाय दगावूही शकते. तुमचा साठा हा एका आहारावरून दुसऱ्या आहारावर नेणारा पूल आहे, तेवढाच लांब बांधा. दर चार दिवसांनी थोडी पेंड कमी आणि थोडा चारा जास्त, असं केलंत तर दीड-दोन महिन्यांत गाय नव्या आहारावर नीट बसते.

आता सासऱ्यांचं म्हणणं. जनावरं वैरणीवर जगत आली, हे खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे जगभरची पाळीव जनावरं जे खातात त्यातला 86 टक्के कोरडा आहार माणसाला खाताच येत नाही: गवत, पाला, काड, कडबा, पेंडी. ही रवंथ करणाऱ्या जनावरांची खरी ताकद आहे. पण पूर्वी वैरणीवर जगणारी गाय वेगळी होती. तिचा बांधा लहान, दूध थोडं. आज तुमच्या दावणीला जी गाय आहे तिची कास रक्तातून ओढून घेते, पोटात जाईल तेवढ्यावर थांबत नाही. नुसत्या कडब्यावर ती आधी अंगावरचं मांस दुधात घालते, मग माजावर येईनाशी होते, मग पुढचं वेतच जातं. कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात. आहारातली प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की रुमेनमधले जीवाणू मंदावतात आणि गव्हाण भरलेली असूनही गाय खात नाही. पोट भरलेलं आणि गाय उपाशी, ही स्थिती दुष्काळात मी इतक्यांदा पाहिली आहे की वैरण आहे ना, मग झालं, हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होतो.

एक देश या वाटेने गेला आहे. क्यूबात 1982 साली उब्रे ब्लांका, म्हणजे पांढरी कास, नावाच्या गायीने एका दिवसात 109.5 लिटर दूध दिलं आणि जागतिक विक्रम झाला. भरपूर दुधाची युरोपीय होल्स्टिन आणि उष्ण प्रदेशातली वशिंडाची झेबू यांच्या संकरातली ती गाय. तिच्यासारख्या गायींसाठी वातानुकूलित गोठे होते आणि खुराक, खत, इंधन सोव्हिएत गटाकडून जहाजांनी येत होतं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि ती जहाजं आटली. गायी होत्या, गोठे होते, पण त्या गायीला लागणारा खुराक त्या बेटावर पिकत नव्हता. दूध कोसळलं, कोंबड्या आणि डुकरांचे कारखानेही बसले. मग शेतकऱ्यांनी पुन्हा बैल शिकवले, ट्रॅक्टरच्या जागी मोठ्या संख्येने बैल जुंपले, आणि कुरणाचे तुकडे पाडून गायी पाळीपाळीने चारायची पद्धत नव्याने हातात घेतली. ही पद्धत आंद्रे व्हॉइसां या फ्रेंच संशोधकाने 1964 मध्येच क्यूबात येऊन सांगितली होती. ज्ञान घरात होतं, पण पेंडेची जहाजं येत होती तोवर त्याची कोणाला गरज वाटली नाही.

म्हणून तुमच्या गायी आज 16 लिटर देत असतील तर कागदावर 8-9 लिटर धरूनच पुढचं गणित मांडा. चांगल्या हिरव्या द्विदल चाऱ्यावर, पेंडेशिवाय, मध्यम बांध्याची गाय तेवढं दूध अंग न गमावता देऊ शकते. दूध निम्मं, पण गाय उभी आणि गाभण. माझ्या लेखी हेच यश आहे.

द्विदल चाऱ्यावर मी मुद्दाम जोर देतो आहे. जगातलं जवळजवळ 80 टक्के सोयाबीन ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना या तीनच देशांत पिकतं आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग शेवटी जनावरांच्या पोटात जातो. व्यापार तुटला की सगळ्यात आधी प्रथिनं तुटतात. लसूणघास, बरसीम, चवळी ही प्रथिनं घरच्या शेतात पिकवतात आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे खताचं जहाजही काही अंशी कमी लागतं. फिनलंडचे ए. आय. व्हिर्टानेन यांनी जन्मभर हाच प्रश्न धरला होता: लांब हिवाळा, बाहेरून येणारी पेंड आणि बाहेरून येणारं खत, यांतून देशाची गाय कशी सोडवायची. त्यांनी हिरव्या द्विदल चाऱ्यात आम्ल मिसळून त्यातली प्रथिनं हिवाळाभर टिकवायची रीत काढली आणि 1945 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गायीसाठीच्या मुरघासाला, म्हणजे हवाबंद करून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याला, नोबेल मिळालं, हे मी प्रत्येक तरुण पशुपालकाला सांगतो, कारण या कामाकडे लोक फार हलकेपणाने बघतात.

तुमच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग या वर्षी द्विदल चाऱ्याला द्या. मक्याचा किंवा ज्वारीचा मुरघास करा. दाणा दुधाळ ते चिकाळ असताना कापा, मुठीत दाबल्यावर गोळा हळूहळू सुटेल इतकाच ओलावा ठेवा, थर थर करून तुडवा आणि हवा बंद करा. साधारण 45 दिवसांनी उघडा. प्लॅस्टिकचा कागदही बाहेरून येतो, तेव्हा एका खड्ड्यावर पेंढा आणि माती लिंपून झाकायची जुनी पद्धत करून बघा. वरचा वीतभर थर वाया जाईल, खालचा चालेल. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी मात्र हिरवी कापून लगेच घालू नका, तिच्यात विष असतं.

कडब्यावर युरियाची प्रक्रिया शिकून घ्या. 100 किलो कडबाकुट्टीला 4 किलो युरिया, 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर शिंपडायचा आणि ढीग हवाबंद करून 21 दिवस ठेवायचा. उघडल्यावर त्याचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून घालण्याआधी काही तास पसरून ठेवायचा. कडबा मऊ होतो, गाय जास्त खाते, प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि कोंबड्यांना हा चारा नाही, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी एक क्षणही ठेवायची नाही. युरियाही नैसर्गिक वायूपासून होतो आणि जहाजाने येतो, पण चार किलोत शंभर किलो कडबा सुधारत असेल तर साठवायला तो पेंडेपेक्षा कितीतरी सोपा.

ट्रेमध्ये धान्य उगवून हिरवा चारा करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. एक किलो धान्याचे सहा-सात किलो अंकुर होतात हे खरं, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. कोरडा भाग मूळ धान्यापेक्षा कमीच भरतो. टंचाईत धान्य तिकडे घालू नका.

आता कोंबड्या. इथे मला तुम्हाला वाईट वाटेल असं बोलावं लागणार आहे. 2000 कोंबड्या दिवसाला 220 किलो जे खातात त्यात मोठा वाटा मक्याचा असतो. माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तर हे 400 हून अधिक माणसांच्या ताटातलं वजन आहे. कोंबड्या त्यातून रोज सतराशेच्या आसपास अंडी परत देतात, ते मी विसरलेलो नाही, बाजार चालू असताना तो चांगला व्यवहार आहे. पण धान्यच मिळेनासं झालं की कोंबडी आणि माणूस एकाच पोत्यासमोर उभे राहतात, आणि तिथे कोंबडी हरते. हरायलाच हवी.

शिवाय कोंबडीची साखळी फार नाजूक असते. गायीच्या पोटातले जीवाणू ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात, हिरव्या पाल्यातून तिला अ मिळतं, उन्हातून ड. शेडमधली कोंबडी यातलं काहीही स्वतः मिळवू शकत नाही. तिला मिथिओनिन आणि लायसिन ही प्रथिनांची घटकद्रव्यं आणि जीवनसत्त्वं चिमूटभर लागतात, पण ती चिमूट जगातल्या मोजक्या कारखान्यांतून येते. 31 ऑक्टोबर 2017 रोजी जर्मनीतल्या लुडविगशाफेनच्या एका कारखान्यात आग लागली आणि अ व ई जीवनसत्त्वांचा पुरवठा जगभर आखडला. युद्ध नव्हतं, बंदर बंद नव्हतं. एका शहरातल्या एका कारखान्यात एक दिवस आग लागली होती. चिमूट बंद झाली की अंडी घटतात, कवच पातळ होतं, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागतात. आणि संकरित कोंबडीची पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत. प्रत्येक नवी तुकडी मोजक्या कंपन्यांच्या आजी-आजोबा पिढीतून येते, आणि ती पिढी अनेक देशांत विमानाने आणावी लागते.

म्हणून आत्ताची तुकडी तिचं अंड्यांचं चक्र पूर्ण करू दे. नवी तुकडी पूर्ण संख्येने भरू नका. टंचाईची चाहूल लागली तर अजिबात भरू नका. त्याऐवजी शंभरेक गावठी कोंबड्या आणि दहा कोंबडे बाळगा, ज्या उकिरड्यावर, किड्यांवर, सांडलेल्या दाण्यांवर जगतात आणि स्वतः खुडूक बसतात. अंडी तिसरा हिस्साही मिळणार नाहीत, पण पुढच्या वर्षी कोंबडी असेल. घरातलं उष्टं-खरकटं त्यांना घालायचं तर नीट उकळून घाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने शहरांतलं खरकटं गोळा करून, उकळून डुकरांना घातलं आणि त्याचा मोठा आधार झाला. त्याच देशात 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली ती नीट न उकळलेल्या खरकट्यातून, असं तपासात पुढे आलं, आणि 60 लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली.

गोठा आवरायचा कसा, याबद्दल इतिहासात दोन शेजारी देशांचे दोन धडे आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली. डुकरं माणसांचे बटाटे आणि धान्य खातात, असं म्हणून 1915 च्या वसंतात लाखो डुकरं एकदम कापली गेली. बाजारात काही आठवडे मांसाचा पूर आला, घाईत डबाबंद केलेलं बरंच खराब झालं, आणि मग मांस, चरबी, शेतात पडणारं खत या तिन्हींची ओढ लागली. डेन्मार्कवर हीच वेळ 1917 मध्ये आली. आयात तुटली तेव्हा तिथे मिकेल हिंडहेडे या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी ठरवलं गेलं की बार्ली आणि राय माणसाला, त्यातला कोंडासुद्धा भाकरीत. डुकरं मोठ्या प्रमाणात कमी केली, गायी त्या मानाने राखल्या. ऑक्टोबर 1917 नंतरच्या वर्षात तिथला मृत्यूदर वाढला नाही, उलट घटला. ब्रिटननेही पुढच्या युद्धात हाच क्रम ठेवला: उपलब्ध पशुखाद्यावर पहिला हक्क दुभत्या गायीचा, शेवटचा डुकरांचा आणि कोंबड्यांचा.

तुमच्या गोठ्याचा असा क्रम आजच कागदावर लिहा, आणि तिघांनी मिळून लिहा. संकट आल्यावर लिहिलेला क्रम भांडणात फाटतो. दावणीवरून जनावरं कमी करायचा माझा क्रम सांगतो. आधी, तीन-चार वेळा भरवूनही गाभण न राहणाऱ्या. मग ज्यांची कास वारंवार सुजते त्या. मग जास्तीचे नर, जे जुंपण्याच्या किंवा पैदाशीच्या कामाचे नाहीत. त्यानंतर वैरणीवर अंग धरू न शकणाऱ्या, मग त्या कितीही दुधाळ असोत. हे ऐकायला अवघड जातं, पण पेंड नसताना 25 लिटरची गाय सर्वात आधी कोसळते. राखायच्या त्या गाभण गायी, निरोगी कालवडी आणि मध्यम दुधाच्या, चिवट बांध्याच्या. शेळ्या ठेवा. झाडपाल्यावर जगतात, लवकर वाढतात, घरापुरतं दूध देतात.

जनावर कमी करणं म्हणजे फक्त विकणं नाही. या वर्षी चार गायी न भरवता ठेवल्या तरी पुढच्या वर्षीची दावण आपोआप हलकी होते. विकायचंच असेल तर अंगात मांस असताना, बाजार शांत असताना विका. टंचाईत सगळे एकाच आठवड्यात बाजारात येतात आणि हाडकुळ्या जनावराला कोणी विचारत नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गायीच्या बरगड्यांवर तळहात फिरवा. हलका दाब दिल्यावर बरगडी लागली तर ठीक. हात टेकताच लागली तर तिचा चारा वाढवा किंवा तिला लवकर आटवा, म्हणजे धार काढणं बंद करा. डोळ्यांनी बघून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. 26 वरून 16-17 वर या. तुमचे 30 टन तेवढ्यांना पुरतात.

काही लहान गोष्टी, ज्या पोत्यांपेक्षा आधी संपतात. धार काढायच्या यंत्रातले, सडांवर बसणारे रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलावे लागतात. बोट घालून बघा, आतून चिरा दिसतील, त्या चिरांतच कासदाहाचे जंतू घर करतात. दोन संच जास्तीचे ठेवा, आणि घरातल्या निदान दोघांना हाताने धार काढता आली पाहिजे. सासऱ्यांना येत असेल तर ते शिकवतील. मीठ भरपूर ठेवा, ते खराब होत नाही. खनिज मिश्रण सहा महिन्यांचं चालेल. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर असतात. नायट्रोजनची गाडी काही आठवडे आली नाही तर सगळं संपतं. तेव्हा परिसरात चार-पाच घरांत मिळून एक चांगला, तपासलेला वळू हवा. लसी साठवून ठेवता येत नाहीत, पण लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घेणं आपल्या हातात आहे. बाहेरून येणारं जनावर तीन आठवडे वेगळं बांधणंही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण व्यापार तुटतो तेव्हा येणारा माल थांबतो तसा जाणाराही थांबतो. दूध, अंडी, जिवंत जनावर गोदामात थांबत नाही. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातून निघालेलं 57 हजारांहून अधिक मेंढ्यांचं जहाज सौदी अरेबियाने परत फिरवलं. त्या मेंढ्या दोन महिन्यांहून अधिक काळ समुद्रात होत्या, हजारो मेल्या, शेवटी एरिट्रियाने उतरवून घेतल्या. 2020 च्या साथीत अमेरिकेत कत्तलखाने बंद पडले तेव्हा डुकरांची वाढ मंदावी म्हणून शेतकरी त्यांना जाणूनबुजून जाडाभरडा चारा घालत होते. तुमचं दूध नेणारी गाडी आठवडाभर आली नाही तर काय, याचंही उत्तर कागदावर असू द्या. धार दिवसातून एकदाच काढायची, दूध सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटतं आणि गायीलाही आराम मिळतो. वासरांना पोटभर पाजायचं. उरलेल्याचं लोणी आणि तूप करायचं. आणि खताची जहाजं थांबली तर शेणाचं मोल दुधापेक्षा वाढेल, तेव्हा आजपासून ते उन्हात वाळू देऊ नका, झाकलेल्या खड्ड्यात कुजवा.

झोपेबद्दल. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात जहाज अडकलं ते सहा दिवसांत सुटलं. बहुतेक अडथळे असेच सुटतात आणि तुमचा दोन महिन्यांचा साठा त्यांना पुरून उरेल. वर्षानुवर्षांचा अडथळा आला तर 110 टनही पुरणार नाहीत, द्विदल चारा आणि आटोपशीर गोठा मात्र पुरेल. यापेक्षा जास्त तयारी एका कुटुंबाने करायची नसते. कर्ज काढू नका.

आणि ती 15 वर्षांची गाय. तिचा निर्णय मी देणार नाही, पण माझ्या गोठ्यात मी काय केलं असतं ते सांगतो. मी तिला ठेवलं असतं, आणि ते लपवलं नसतं. कागदावर तिच्या नावापुढे दिवसाला 8 किलो लिहिलं असतं. म्हाताऱ्या दातांना कडबा चावत नाही, म्हणून बारीक कुट्टी, थोडी भिजवून. वर्षाचे होतात सुमारे तीन टन, म्हणजे एका तरण्या दुभत्या गायीच्या दोन-तृतीयांश चारा, आणि तो कोणाच्या तरी वाट्यातून जाणार हे तिघांनाही माहीत असलं पाहिजे. एवढं लिहून, तिघांनी वाचून, तरी ठेवायची ठरली तर ठेवा. आणि एखाद्या हंगामात चारा खरंच संपला, ती उठेनाशी झाली, तर तिला दावणीवर झिजू देऊ नका. तुमच्या पशुवैद्यकाला घरी बोलवा, सासऱ्यांना तिच्या मानेवर हात ठेवून बसू द्या, आणि तिला त्रास न होता जाऊ द्या. हे आजच सासऱ्यांशी बोला. मला वाटतं, ते कधीपासून कोणीतरी विषय काढायची वाट बघत असतील.